पटावरून कमी झालेलं एक नाव

गुरुवार, रात्री साडेअकरा

ई-मेल आली तीन वाजून दहा मिनिटांनी. शाळा सुटते तीनला. म्हणजे मी गाड्यांच्या रांगेत, धाकटी दप्तर सावरत पायऱ्या उतरतेय, आणि माझ्या फोनवर "अत्यंत जड अंतःकरणाने" अशी सुरुवात. जूनमध्ये आमची कॅथलिक शाळा सहा मैलांवरच्या दुसऱ्या धर्मग्रामाच्या, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या परिसराच्या, शाळेत 'विलीन' होणार. पत्र दोनदा वाचलं. 'बंद' हा शब्द कुठेही नाही. 'नवी वाटचाल' मात्र तीनदा आहे.

धाकटी गाडीत बसत म्हणाली, "आई, मिस रडत होत्या. तरी गणिताची टेस्ट घेतलीच." मुलांना आमच्याआधी कळलं होतं तर.

वर कहर म्हणजे येत्या रविवारपासून कॅथलिक शाळा सप्ताह. दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, अमेरिकाभर. मुलांनी गेला आठवडाभर रंगवलेलं 'आमची शाळा, आमचा अभिमान' दारावर टांगलेलं आहे. त्याच्याच खालून सगळे आईबाप आज मान खाली घालून बाहेर पडले.

झोप येत नाही. अमेरिकेत अशी पत्रं दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरात निघतात, हे मला माहीत होतं. 2012च्या जानेवारीत फिलाडेल्फियात एका दमात पन्नासच्या आसपास शाळांची यादी निघाली होती. त्यातली चार हायस्कुलं लोकांनी महिनाभरात देणग्या गोळा करून वाचवली. कोरोनाच्या पहिल्या वर्षात देशभरात दोनशेहून जास्त कॅथलिक शाळा गेल्या आणि मुलं एका वर्षात सहा टक्क्यांनी घटली. हे सगळं बातमी म्हणून वाचलं होतं, चहा पीत.

मंगळवार

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सभा. याच हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी तळलेले मासे विकून शाळेसाठी पैसे जमवतात. भिंतींनाही त्याचा वास आहे. धर्मप्रांताकडून, म्हणजे अशा अनेक धर्मग्रामांच्या वरच्या कचेरीकडून, दोन जण आले होते, लॅपटॉप आणि पडदा घेऊन. एक बाई, एक गृहस्थ, दोघंही नम्र. रागावता येऊ नये इतके नम्र.

पडद्यावर एक उतरती रेघ. शाळेत आत्ता बालवाडीपासून आठवीपर्यंत मिळून एकशे तीन मुलं. धाकटीच्या चौथीत अकरा. छताची दुरुस्ती, बॉयलर, शिक्षकांचे पगार, विमा. फी घेतात त्याहून खर्च बराच जास्त, आणि मधली भर धर्मग्राम घालत आलेलं. पण रविवारच्या मिस्सेला, चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, बाकं निम्मी रिकामी, मग दानपेटीत पडणार काय?

त्यानंतर लोक उठून बोलू लागले. एक साठीचे गृहस्थ थरथरत म्हणाले, माझे आजोबा या शाळेत शिकले, वडील शिकले, मी शिकलो, आणि तुम्ही कोण कुलूप लावणारे? टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मागच्या रांगेतून एका तरुण आईने शांतपणे विचारलं, "तुमची नातवंडं कुठे शिकतात?" गृहस्थ खाली बसले. उत्तर साऱ्यांना कळलं होतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हॉलमध्ये सहज दोनशे माणसं होती. पटावर मुलं एकशे तीन.

मी त्या गृहस्थांकडे पाहिलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी थोरल्याला मीच या शाळेतून काढलं. पाचवी संपली आणि त्याला गावातल्या चार्टर शाळेत घातलं. तिथे विज्ञानाची प्रयोगशाळा आहे, रोबोटिक्स आहे, आणि फी शून्य, कारण चार्टर सरकारी पैशावर चालते. दोघांची फी आम्हाला झेपत नव्हती हे खरं. पण झेपली असती तरी मी काढलंच असतं, हेही खरं. मुख्याध्यापिकांना मी तेव्हा मोठं पत्र लिहिलं होतं, 'आम्ही मनाने कायम या शाळेचेच'. पडद्यावरच्या त्या रेघेत मन धरलेलं नव्हतं.

रविवार

मिस्सेनंतर सिस्टरना घरी सोडायला गेले. त्या आमच्या शाळेतल्या शेवटच्या सिस्टर, लग्न न करता आयुष्य चर्चला वाहिलेल्या. वय चौऱ्याऐंशी. आठवड्यातून दोन दिवस ग्रंथालय सांभाळतात. पूर्वी शाळेमागे त्यांचा मठ होता, चौदा सिस्टरांचा. तो पाडून तिथे पार्किंग केलं. आता त्या आणखी दोघींबरोबर भाड्याच्या घरात राहतात.

मी सहज विचारलं, तुम्ही आलात तेव्हा किती मुलं होती?

"माझ्या दुसरीत एकसष्ट," त्या म्हणाल्या. "1962. मी वीस वर्षांची. पहिल्या दिवशी मुलांपेक्षा मीच जास्त घाबरले होते."

"आणि पगार?"

त्या खळखळून हसल्या. दरमहा काहीतरी रक्कम धर्मग्रामाकडून मठाकडे जायची, इतकंच त्यांना ठाऊक. स्वतःच्या नावाचा चेक पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या चाळिशीच्या जवळ होत्या.

गाडी चालवताना मनात हिशेब चालू होता. साठ मुलांचा वर्ग, आणि शिकवणारी बाई जवळजवळ फुकट. असं हजारो शाळांत. 1965च्या सुमारास अमेरिकेत कॅथलिक शाळांत 52 लाख मुलं होती, शाळा तेरा हजारांच्या घरात. आज मुलं सतरा लाखांच्या आसपास आणि शाळा सहा हजारांपेक्षा कमी. त्याच काळात सिस्टर एक लाख ऐंशी हजारांवरून चाळीस हजारांच्याही खाली आल्या, आणि आहेत त्यांतल्या बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या. आता या शाळांत शिकवणारे जवळजवळ सगळे सामान्य संसारी लोक आहेत. त्यांना घराचे हप्ते आहेत, मुलं आहेत, आणि तरीही ते सरकारी शाळेपेक्षा कमी पगारावर राबतात. धाकटीच्या मिस संध्याकाळी एका दुकानात काम करतात, हे मला मागच्या महिन्यात कळलं. सामान घेताना काउंटरपलीकडे त्याच उभ्या.

म्हणजे सभेत सगळे ज्या 'पूर्वीच्या परवडणाऱ्या शाळे'साठी रडले, ती कधीच स्वस्त नव्हती. तिची किंमत त्या चौदा जणी मोजत होत्या. बिल आमच्यापर्यंत आलं नव्हतं, इतकंच.

लोक बाकीची कारणंही देतात आणि ती खोटी नाहीत. जुनी आयरिश, इटालियन, पोलिश कुटुंबं शहर सोडून उपनगरांत गेली, चर्चच्या इमारती तिथेच राहिल्या. घरटी सात मुलं होती, आता दोन. चार्टर शाळा आल्या. 2018मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सहा धर्मप्रांतांविषयी ग्रँड ज्युरीचा, म्हणजे नागरिकांच्या चौकशी-मंडळाचा, अहवाल आला, मुलांवरच्या अत्याचारांबद्दल तीनशेहून जास्त धर्मगुरूंची नावं घेणारा. तो आला तेव्हा मी थोरल्याला शाळेच्या दारात सोडताना पहिल्यांदा इमारतीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. ती नजर अजून पुरती गेलेली नाही. याविषयी सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

बुधवार

मागच्या वर्षी धाकटीच्या वर्गाबरोबर सहलीला फिलाडेल्फियात गेले होते, सेंट जॉन न्यूमन यांची समाधी पाहायला. वेदीखाली काचेच्या पेटीत आहेत ते. उंचीला अगदी लहानखुरा माणूस, एका मुलाने मोठ्याने विचारलं, "हे खरे आहेत का?" आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. 1852मध्ये हे फिलाडेल्फियाचे बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, झाले आणि एकेका धर्मग्रामाच्या सुट्या शाळा त्यांनी एका व्यवस्थेत गुंफल्या. अमेरिकेतली धर्मप्रांताच्या शाळांची पहिली घडी तीच.

त्याआधी आठच वर्षं, 1844मध्ये, त्याच शहरात दंगली पेटल्या होत्या. सरकारी शाळांत सक्तीने प्रॉटेस्टंट बायबल वाचलं जाई. कॅथलिक मुलांना त्यांचं बायबल वाचू द्या, अशी मागणी झाली आणि त्यावरून वातावरण तापत गेलं. दोन चर्च जाळली गेली, माणसं मेली. म्हणून स्वतःच्या शाळा. 1884च्या बॉल्टिमोरच्या परिषदेत अमेरिकेच्या बिशपांनी ठरवलंच, की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा हवी. 1922मध्ये ओरेगन राज्याने कायदा करून सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालायचं फर्मान काढलं, तेव्हा सिस्टरांचीच एक संस्था कोर्टात गेली आणि 1925मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली.

आपल्यावर कुणी उठलं होतं तेव्हा या शाळा वाढल्या. आता आमच्यावर कुणी उठलेलं नाही. माझा थोरला चार्टर शाळेत सुखात आहे, त्याला कुणी त्याच्या बायबलबद्दल विचारत नाही. कुणी विचारलं तर त्याला सांगता येईल का, ते मला माहीत नाही. (रविवारी मिस्सेला यायला तो हल्ली कुरकुरतो. त्याचा दोष मी शाळेला देणार नाही. घरात आम्ही दोघं आहोत.)

आज शाळेच्या बोळात थांबून जुने फोटो पाहिले. 1962चाही आहे, दुसरीचा. कडेला पांढऱ्या कपाळपट्टीत एक किडकिडीत मुलगी, हात घट्ट मिटलेले. मुलं मोजली. साठ भरली. एक कुणीतरी त्या दिवशी आजारी असणार.

शुक्रवार

जेवणाच्या टेबलावर दोन फॉर्म आहेत. एक नव्या एकत्रित शाळेचा, मुदत 15 फेब्रुवारी, सोबत नोंदणीचे पैसे. त्यात एक रकाना: 'भावंडं आहेत का? असल्यास फीमध्ये सवलत.' थोरल्याचं नाव लिहायला घेतलं आणि पेन उचललं.

दुसरा फॉर्म चार्टरचा. तो मी परवा रात्रीच भरून ठेवला. पाठवायचा बाकी आहे. जागा कमी, म्हणून सोडत काढतात. भाऊ आधीच तिथे असला की नंबर लवकर लागतो. नवऱ्याने तो पाहिला, काही बोलला नाही, भांडी घासायला घेतली.

धाकटी गृहपाठ आवरून आली. "नव्या शाळेत मुलं किती असतील?"

"दोन्हीकडची मिळून असतील एकशे नव्वद."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"मला धरून?"