तीस ग्रॅमची वाटी

मुलांसाठी नाश्त्याचं पौष्टिक सीरिअल (कॉर्नफ्लेक्ससारखं, दुधात घालून खायचं) निवडायचं तर खोक्याची मागची बाजू वाचावी, असं सगळे सांगतात. पण खोकं निवडणारी व्यक्ती साडेतीन फूट उंच असते आणि तिचा मागच्या बाजूशी काही संबंध नसतो. दुकानदार हे ओळखून असतात. अस्वल, माकडं, अंतराळवीर छापलेली खोकी बरोब्बर खालून दुसऱ्या फळीवर, आणि साधे ओट्स इतके वर की मलाही टाचा उंच कराव्या लागतात. चिली देशात २०१६ पासून साखर जास्त असलेल्या खोक्यांवर कार्टून छापायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे अस्वल अजून सुखाने नांदतंय.

बायको सातची लोकल पकडते, त्यामुळे सकाळची आघाडी माझी. मोठा सहावीत, धाकटी तिसरीत, आणि बस दारात येऊन हॉर्न वाजवेपर्यंत दोघांच्या पोटात काहीतरी ढकलायचं. पोहे-उपम्याला कांदा चिरण्यापासून सुरुवात. त्यामुळे खोकं घरात आलं, आणि ते आल्यापासून मागची बाजू वाचायचा नाद मला लागला.

त्या बारीक अक्षरांत एक सरळ नियम असतो: जो घटक वजनाला जास्त, त्याचं नाव आधी. पुढे भलं मोठं ‘मल्टिग्रेन’ लिहिलेलं असतं, मागे मात्र गव्हाच्या पिठापाठोपाठ साखर येऊन उभी राहते. नाचणी, ओट्स वगैरे मंडळी पार शेवटी, मिठाच्या शेजारी. कधी साखर एकटी येत नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज, माल्टचा अर्क, मध अशी भावंडं वेगवेगळी उभी राहतात, म्हणजे कोणाचंच नाव फार वर जात नाही.

मग तो ‘एका वेळचं प्रमाण ३० ग्रॅम’ हा प्रकार. एकदा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. ३० ग्रॅममध्ये आमच्या वाटीचा तळ जेमतेम झाकला. धाकटीने ते बघून “हे सँपल आहे का?” असं विचारलं. तिने स्वतःच्या हाताने ओतलं ते ५५ ग्रॅम भरलं. चॉकलेटवाल्या बऱ्याच सीरिअलमध्ये १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे तिच्या वाटीत चार चमचे! एवढी साखर मी चहात घातली तर आई मला घराबाहेर काढेल.

साखरेचं हे भांडण तसं जुनंच आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी केलॉग बंधूंनी आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी हे फ्लेक्स काढले, तेव्हा थोरले डॉक्टर जॉन हार्वी साखरेच्या विरोधात आणि धाकटे विल कीथ बाजूने. दोघांत चांगलंच वाजलं. १९०६मध्ये धाकट्याने स्वतःची कंपनी काढली. कोण जिंकलं ते खोक्याच्या मागे लिहिलेलंच आहे. म्युस्लीचंही, म्हणजे ओट्स आणि फळांच्या मिश्रणाचंही, तेच. झुरिकच्या डॉ. बिर्खर-बेनर यांच्या मूळ वाडग्यात किसलेलं सफरचंद भरपूर आणि ओट्स चमचाभर असत. आता पाकिटात सफरचंद शोधायला भिंग लागतं.

केलॉग कंपनी १९९४ साली भारतात आली, तिचा कारखाना तर आपल्या तळोज्यालाच आहे. पण तिची पहिली गाठ पडली आपल्या गरम दुधाशी. उकळतं दूध ओतलं की फ्लेक्सचा क्षणात लगदा. आमच्या घरात ती लढाई अजून चालू आहे. मुलांना दूध फ्रिजमधलं हवं, आणि आई म्हणते, “सकाळी सकाळी गार दूध? छाती भरली म्हणजे कळेल.” तडजोड म्हणून कोमट देऊन पाहिलं, ते कोणालाच आवडलं नाही.

लोहाचा किस्सा तर सांगायलाच हवा. खोक्यावर ‘लोहयुक्त’ लिहिलेलं असतं. मोठ्या मुलाने शाळेत ऐकून येऊन फ्लेक्स कुटले, पाण्यात भिजवले, पिशवीत भरले आणि बाहेरून लोहचुंबक फिरवत बसला. बराच वेळ काही होईना. मग चुंबकापाशी काळसर भुकटीची बारीक रेघ जमली. चुंबक सरकवला की रेघ सरकायची. खरंखुरं लोखंड! पोरं नाचायला लागली. आईने चष्मा लावून ती रेघ पाहिली आणि शांतपणे म्हणाली, “मग माझ्या लोखंडी कढईने काय घोडं मारलं होतं? गंजते म्हणून माळ्यावर टाकलीत ना?” कढई खाली आली.

पण जुनं ते सगळं सोनं, हेही मला पटत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे खरं. पण सत्त्व करताना आपण नाचणी घेतो दोन मोठे चमचे. त्यातून मिळणारं कॅल्शियम अर्ध्या वाटी दुधाइतकं, आणि आई त्यात जो गुळाचा खडा टाकते तो पाहिला तर अस्वलही लाजेल. शिवाय सत्त्व गुळगुळीत. मुलांना दाताखाली आवाज हवा असतो, त्यापुढे चव दुय्यम. आणि ओतायचं काम स्वतः करायला मिळालं पाहिजे, हे त्याहून मोठं.

आवाज हवाच असेल तर तो लाह्यांत आहे. फुटाणेवाल्याकडून ज्वारीच्या लाह्या आणतो, पातळ पोहे कोरडेच भाजतो, दोन्ही काचेच्या बरणीत. राजगिऱ्याच्याही आणल्या होत्या. त्या इतक्या हलक्या की धाकटीच्या फुंकरीने ओटाभर झाल्या. या मिश्रणावर चॉकलेटी सीरिअल मूठभर, मूठ मात्र खाणाऱ्याची. मोठा आधी वरचं वेचून खातो आणि मग “लाह्या मऊ पडल्या” म्हणून तक्रार करतो. धाकटी सगळं खाते, पण तळाशी उरलेलं चॉकलेटी दूध तसंच सोडते.

ते वाया जाऊ नये म्हणून आईने एक दिवस त्यात रात्रीची पोळी कुस्करली. धाकटीने एक घास चाखला, आणि आता तिला रोज तेच हवं. सीरिअल नको, लाह्या नकोत. चॉकलेटी दुधात आजीची शिळी पोळी. फक्त त्यासाठी आधी कोणीतरी सीरिअल खाऊन दूध रंगवून द्यावं लागतं. ते काम सध्या माझ्याकडे आहे.