धडगावला पाच दिवस: कोबोचा डेटा एपीआयने आपल्या ॲपमध्ये आणताना काय काय झालं

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला जाऊन आलो. तिथे एक छोटी संस्था पाड्यापाड्यावरच्या पाण्याच्या जागांचा सर्व्हे करतेय आणि त्यांचा कोबोटूलबॉक्समधला (फोनवर सर्व्हेचे फॉर्म भरून घ्यायची सोय, थोडक्यात कोबो) डेटा एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या ठरलेल्या रस्त्याने, उचलून नकाशाच्या ॲपमध्ये टाकायचं काम माझ्याकडे होतं. कोड पुण्यात बसून लिहून झाला होता, टेस्टचे दहा-बारा फॉर्म भरून बघितले होते, सगळं व्यवस्थित चालत होतं. तरी संस्थेतल्या ताई म्हणाल्या, "एकदा येऊन बघा, मुलं फॉर्म कुठे बसून भरतात, कधी पाठवतात ते." गेलो ते फार बरं झालं, कारण परत येताना त्या कोडमधलं निम्म्याच्या वर बदललेलं होतं. असंच काम घेऊन कोणी डोंगरात जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जायचं कसं ते. पुण्याहून रात्रीच्या गाडीने नंदुरबार, तिथून तापीवरचा हातोडा पूल ओलांडून तळोदा, मग कोठारवरून चांदसैली घाट चढून धडगाव. घाट अरुंद आहे, वळणं अवघड आहेत आणि पावसाळ्यात दरड येते, त्यामुळे त्या दिवसांत निघण्याआधी धडगावात कोणाला तरी फोन करून रस्ता चालू आहे का विचारून घ्या. मे महिन्यात तळोद्यापर्यंत ऊन अंग भाजून काढतं, सोबत पाणी भरपूर ठेवा. रोख पैसे ठेवा, दोन पॉवर बँक ठेवा. घाट चढलात की घराघरापुढे कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील, आमचूरचा सीझन असतो तो, आणि सगळ्या घराचे हात कैऱ्या सोलण्यात गुंतलेले असतात. सर्व्हेला कोण कधी भेटणार हे त्याच्यावर ठरतं, तेव्हा भेटीची वेळ गावातल्या माणसाला विचारून ठरवा.

आता मूळ काम. कोबोमध्ये फॉर्म एक्सेलच्या शीटवरून बनतो, मुलं तो अँड्रॉइडवरच्या कोबोकलेक्टमध्ये ऑफलाइन भरतात, नेटवर्क मिळालं की फॉर्म सर्व्हरवर जातो. तिथून बाहेर काढायचे दोन मार्ग. एक म्हणजे आपण एपीआयला विचारायचं, प्रत्येक फॉर्मला स्वतःचा यूआयडी (ओळखीचा कोड) असतो, तो पत्त्यात घालून डेटा मागितला की जेसनमध्ये, म्हणजे प्रश्नाचं नाव आणि उत्तर अशा जोड्यांच्या मजकुरात, नोंदी येतात. दुसरा म्हणजे सेटिंगमधली रेस्ट सर्व्हिसेस, तिथे आपल्या ॲपचा पत्ता देऊन ठेवला की नवीन फॉर्म आला रे आला की कोबोच तो आपल्याकडे ढकलतो. मी दुसरा मार्ग घेतला होता, नोंद आली की लगेच नकाशावर ठिपका उमटतो म्हणून.

पहिल्याच संध्याकाळी मुलांबरोबर एका टेकडीवर गेलो. पाड्यांवर नेटवर्क नाहीच, या टेकडीवर एका मोठ्या झाडाखाली येतं, आणि तेही उभं राहिल्यावर. नऊ मुलं-मुली, प्रत्येकाच्या फोनमध्ये दोन-तीन दिवसांचे फॉर्म साठलेले, प्रत्येक फॉर्मला दोन फोटो. सगळ्यांनी एकदम पाठवायला सुरुवात केली आणि दिवसभर एकही नोंद नसलेल्या माझ्या छोट्या सर्व्हरवर पंधरा मिनिटांत एवढी गर्दी झाली की तो बसला. कोबो थोड्या थोड्या वेळाने परत पाठवून बघतो, पण काही प्रयत्नांनंतर ती नोंद फेल म्हणून बाजूला ठेवतो. रेस्ट सर्व्हिसेसच्या पानावर फेल झालेल्यांची यादी दिसते आणि तिथून परत पाठवताही येतं, म्हणजे डेटा हरवत नाही, पण ते बघायला कोणीतरी रोज तिथे जायला पाहिजे. संस्थेत तेवढा वेळ कोणाकडे आहे?

म्हणून त्याच रात्री ठरवलं की ढकलून घेणं बंद, आपणच दर तासाला जाऊन आणायचं. नोंदी आणि फोटो वेगवेगळे, आधी नुसत्या नोंदी, फोटो मागाहून सावकाश. तुमच्याकडे नेटवर्क धड असेल, मुलं दिवसभर थोडं थोडं पाठवत असतील तर ढकलणारा मार्ग चांगलाच आहे. डोंगरात सगळा डेटा दिवसातून एकदाच लोंढ्यासारखा येतो, तिथे स्वतः जाऊन आणणंच बरं.

आणायचं म्हटल्यावर प्रश्न येतो की नवीन काय आलंय हे ओळखायचं कसं. मी आधी फॉर्मवरच्या तारखेने मागत होतो, "आजच्या नोंदी द्या" असं. टेकडीवर उभं राहिल्यावर कळलं की हे चुकीचं आहे, कारण सोमवारी भरलेला फॉर्म गुरुवारी चढतो, आणि गुरुवारी मी गुरुवारच्या तारखेच्या नोंदी मागतोय, म्हणजे सोमवारची नोंद मला कधीच मिळणार नाही. शिवाय फॉर्मवरची तारीख फोनच्या घड्याळातून येते आणि एका मुलाच्या फोनमध्ये चक्क तीन वर्षं जुनी तारीख होती, बॅटरी पूर्ण उतरली की त्याचं घड्याळ मागे जातं आणि नेटवर्क नसल्यामुळे आपोआप दुरुस्त होत नाही. सर्व्हर स्वतः जो सबमिशन टाइम टाकतो तो खरा असतो, पण तो यूटीसी या जागतिक वेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचला पाठवलेला फॉर्म तिथे आदल्या दिवशी रात्री साडेअकराचा दिसतो. आणि मुलं पहाटे पाठवतातच, तेव्हा नेटवर्कवर गर्दी नसते.

यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे आयडी. प्रत्येक नोंदीला सर्व्हर चढता नंबर देतो, शेवटचा आणलेला नंबर लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी "याच्यापेक्षा मोठे असतील ते द्या" अशी क्वेरी करायची. उत्तर पानापानाने येतं, प्रत्येक पानात नेक्स्ट नावाची लिंक असते, ती रिकामी येईपर्यंत पुढे जात राहा, नाहीतर पहिल्याच पानावर थांबाल आणि डेटा एवढाच आहे असं वाटेल. एक गोष्ट मात्र यात सुटते. ऑफिसात बसून ताईंनी जुन्या नोंदीत दुरुस्ती केली तर नंबर तोच राहतो, म्हणून ती दुरुस्ती या पद्धतीने येत नाही. त्यासाठी रोज रात्री एकदा सगळाच डेटा परत आणून ताडून बघतो, काही हजार नोंदींना काही जड नाही. ओळख म्हणून आयडीच धरा, यूयूआयडी (नोंदीला मिळणारा दुसरा, लांबलचक कोड) धरू नका, तो दुरुस्ती केल्यावर बदलतो आणि मग तीच विहीर नकाशावर दोनदा येते.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका पाड्यावर गेलो होतो, रस्त्यापासून तासाभराची चाल. निघताना नकाशा फोनमध्ये सेव्ह करून घेतला होता, त्यात या पाड्याचा ठिपका लालभडक, खाली लिहिलेलं "पाणी ० महिने". आणि समोर नाल्याच्या कडेला झिरा, चार हात खोल असेल, दगड लावून बांधून काढलेला, मे महिन्यात काठापासून वीतभर खाली नितळ पाणी. एक आजी तांब्याने हंडा भरत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या की त्या लग्न होऊन आल्यापासून हा आटलेला त्यांनी बघितला नाही.

तिथेच दगडावर बसून फॉर्म उघडला तेव्हा लक्षात आलं. फॉर्ममध्ये आधी प्रश्न आहे, "पाणी बारमाही आहे का?" हो म्हटलं की पुढचा "किती महिने टिकतं?" हा प्रश्न फॉर्म विचारतच नाही. आणि जो प्रश्न विचारला गेला नाही तो एपीआयच्या उत्तरात रिकामाही येत नाही, त्याचं नावच त्या नोंदीत नसतं. माझ्या कोडमध्ये होतं की सापडलं नाही तर शून्य धर. म्हणजे तालुक्यातल्या सगळ्यात चांगल्या पाण्याच्या जागा नकाशावर सगळ्यात कोरड्या दिसत होत्या आणि टँकर कुठे मागायचा हे त्या नकाशावरून ठरणार होतं. पुण्यातल्या टेस्टमध्ये हे सापडलं नाही कारण मी टेस्टला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर भरत होतो. तुम्ही टेस्ट कराल तेव्हा निम्मे प्रश्न गाळून, सगळ्या फाट्यांनी जाऊन फॉर्म भरा, आणि नसलेल्या उत्तराला शून्य कधीही करू नका, "विचारलं नाही" असं वेगळं ठेवा.

त्याच झिऱ्याने अजून एक दाखवलं. फॉर्मच्या पर्यायांत विहीर, हातपंप, नळ, नदी होतं, झिरा नव्हताच. मुलं मग "इतर" निवडून खाली लिहीत होती, कोणी झिरा, कोणी झरा, कोणी झिरी. आम्ही झिरा हा पर्याय रात्री टाकला, फॉर्म परत डिप्लॉय केला (नवीन रूप सर्व्हरवर चालू केलं), आणि सकाळी कळलं की चार जण पहाटेच जुना फॉर्म घेऊन पाड्यावर निघून गेलेत. नवीन फॉर्म फोनमध्ये यायला नेटवर्क लागतं ना. तेव्हापासून नियम केला की फॉर्ममधला बदल फक्त बाजाराच्या आदल्या रात्री, बाजाराच्या दिवशी सगळे धडगावात येतात, चहा पिता पिता फॉर्म अपडेट करायचा. आणि काही झालं तरी प्रश्नाचं आतलं नाव बदलायचं नाही, फक्त दिसणारा मजकूर बदलायचा, कारण एपीआयमध्ये आतलं नाव येतं आणि ते बदललं की जुना डेटा एका कॉलममध्ये, नवीन दुसऱ्यात अशी फाळणी होते.

बाकी छोट्या गोष्टी भराभर सांगतो. प्रश्न ग्रुपमध्ये असेल तर त्याचं नाव ग्रुपचं नाव, तिरकी रेघ, मग प्रश्नाचं नाव असं येतं. आकडासुद्धा मजकूर म्हणून येतो, बेरीज करण्याआधी बदलून घ्या. एकापेक्षा जास्त पर्याय निवडले तर सगळे कोड एकाच ओळीत मध्ये स्पेस देऊन येतात, म्हणून कोडमध्ये स्पेस नको. फोटोची लिंक नुसती ब्राउझरमध्ये उघडत नाही, तिलाही टोकन, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त किल्ली, लागतं, म्हणून फोटो उतरवून आपल्याकडे ठेवा. फोटोच्या प्रश्नाला एक्सेलच्या पॅरामीटर्स कॉलममध्ये मॅक्स-पिक्सेल्स १०२४ केलं, म्हणजे फोटो लहान करून जातो, आणि टेकडीवरचा पाठवण्याचा वेळ एकदम कमी झाला. हा एक बदल मुलांना सगळ्यात जास्त आवडला.

टोकनबद्दल जरा थांबून सांगतो. अकाउंट सेटिंगमध्ये सिक्युरिटीखाली एपीआय की मिळते, ती एपीआयला पाठवायच्या विनंतीच्या हेडरमध्ये टोकन (Token) हा शब्द, एक स्पेस आणि मग की अशी द्यायची, बाकीच्या ठिकाणची सवय म्हणून बेअरर लिहाल तर चालणार नाही. कोबोचे ग्लोबल आणि युरोपियन युनियन असे दोन सर्व्हर आहेत, एकाची की दुसऱ्यावर चालत नाही, ४०१ (ओळख पटली नाही) हा एरर आला तर आधी हेच बघा. मी सुरुवातीला ताईंच्याच अकाउंटची की स्क्रिप्टमध्ये घातली होती. ती की ज्याच्या हातात तो त्यांचे सगळे फॉर्म उघडू शकतो, पुसूही शकतो, आणि यात लोकांच्या घरांचे जीपीएस आहेत. आता वेगळं अकाउंट काढलं, त्याला या एकाच प्रोजेक्टच्या नोंदी फक्त बघायची परवानगी दिली आणि त्याची की वापरली. हे पहिल्या दिवशीच करा.

कोड लिहिणारं कोणी नसेल तर गुगल शीटच्या ॲप्स स्क्रिप्टनेही हेच जमतं, फक्त एका वेळी ती सहा मिनिटंच चालते, म्हणून थोडं थोडं आणा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडलात तर देवनागरीचा चुराडा होतो, डेटा मेनूतून यूटीएफ-८ निवडून आत घ्या.

गावांच्या नावांसाठी जनगणनेचा सहा आकडी कोड वापरला, त्यामुळे स्पेलिंगचा त्रास गेला. पाड्यांना मात्र असा कोड नाही आणि इथे एकेका गावाचे दहा-बारा पाडे लांब लांब डोंगरावर पसरलेले. शेवटच्या दोन रात्री मुलांबरोबर बसून पाड्यांची यादी केली, गावाच्या कोडपुढे दोन आकडे लावून, नाव पावरी बोलीत बोलतात तसंच देवनागरीत. ती सीएसव्ही फॉर्मला जोडली, आता मुलं पाडा लिहीत नाहीत, यादीतून निवडतात. एका मुलीने विचारलं की झिऱ्यांनाही नावं आहेत, ती कुठे लिहायची. फॉर्ममध्ये जागा नव्हती. बाजाराच्या आदल्या रात्री तो प्रश्न टाकला आणि या आठवड्यात पहिली सव्वीस नावं आलीत.