बटणात न मावणारी ‘रक्कम’ आणि कन्नडचा ओत्तु

चिक्कोडी-निपाणी भागातल्या दूध संकलनाच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये प्रत्येक शब्द मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लागतो. गवळ्याला पावती मराठीत हवी असते, तर तपासणीला येणारा कन्नडमध्ये वाचतो. बटणात ‘एकूण रक्कम’ बसली म्हणून त्याच अर्थाचं कन्नड ‘ओट्टु मोत्त’ बसेलच असं नाही. म्हणून मजकूर आपोआप लहान-मोठा करणारं ऑटोसाइझ लावलं. ही सोय अँड्रॉइड 8.0 पासून टेक्स्टव्ह्यूमध्येच (मजकूर दाखवणाऱ्या घटकात) आहे. जुन्या फोनसाठी अँड्रॉइडएक्स (पूर्वीची सपोर्ट लायब्ररी) वापरता येते.

सेटिंग एवढंच: प्रकार ‘युनिफॉर्म’, किमान 14 एसपी (फोनमधल्या अक्षर-आकाराच्या सेटिंगप्रमाणे बदलणारं माप), कमाल 22 एसपी, पायरी 1 एसपी. काहीच न सांगितल्यास किमान 12, कमाल 112 आणि पायरी 1 पिक्सेल धरली जाते. बारा एसपीतली जोडाक्षरं मला दुधाच्या गाडीवर उजेड कमी असताना वाचता आली नाहीत, म्हणून 14. आतलं यंत्र 14 ते 22 मधले नऊ आकार निम्मे-निम्मे करत तपासतं, म्हणजे तीन-चार मापांत काम होतं.

पहिली अडचण रुंदी-उंचीची. दोन्हींपैकी एकालाही ‘रॅप कंटेंट’ (मजकुराएवढाच हो) दिलं की डबा मजकुराकडे बघतो आणि मजकूर डब्याकडे, मग आकार भलताच निघतो. रुंदी मांडणीने ठरवून दिली की बरं. एका ओळीसाठी ‘सिंगललाइन’ नको, ‘मॅक्सलाइन्स’ 1 द्या. सिंगललाइनमध्ये आडवं सरकणं सुरू होतं, उपलब्ध रुंदी जणू अमर्याद धरली जाते आणि अक्षर लहान होतच नाही. दोन ओळी दिल्यात तर उलटा त्रास: ‘निरीक्षणाधिकारी’सारखा लांब शब्द मध्येच तोडून खाली टाकला जातो, कारण उंचीत मावलं की यंत्र समाधानी. तिथे ओळ एकच ठेवावी किंवा शब्दच आखूड निवडावा. एडिटटेक्स्टला (लिहायच्या चौकटीला) ऑटोसाइझ चालतच नाही, त्यावर वेळ घालवू नका.

खरा घोळ मात्र कन्नडमध्ये निघाला. चाचणीला तालुके घेतले होते बेळगावी आणि खानापूर. दोन्ही सुरेख दिसले. मग चिक्कोडी टाकलं आणि ‘चिकोडी’ वाचलं गेलं! कन्नडमध्ये ‘क्क’चा दुसरा क मुख्य अक्षराच्या खाली लटकतो, त्याला ओत्तु म्हणतात, आणि तोच बटणात खालून कापला गेला होता. हुक्केरीत तोच, आणि मराठीतली साधी निपाणी कन्नडमध्ये ‘निप्पाणि’ होते, तिथेही तो आहेच. ‘ओट्टु मोत्त’मध्ये तर दोन्ही शब्दांत. आम्ही निवडलेले दोन तालुके नेमके बिनओत्तुचे.

कारण असं की ऑटोसाइझ ओळीची ठरलेली उंची मोजतं, अक्षराची प्रत्यक्ष रेघ कुठवर जाते ते नाही. इंग्रजी मजकूर मध्यभागी दिसावा म्हणून ‘इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग’ (अक्षरांच्या वर-खाली सोडायची जादा जागा) बंद केलेलं होतं आणि बटणाची उंची 36 डीपी (पडद्यावरच्या लांबी-रुंदीचं माप) पक्की. पॅडिंग चालू केलं, पक्की उंची काढून ‘मिन हाइट’ (किमान उंची) 48 डीपी दिली, वर-खाली मोकळीक ठेवली. ओत्तु परत आला. मात्र आता बटणाची उंची मजकुराने ठरू लागली, म्हणजे ‘रॅप कंटेंट’चाच प्रकार. म्हणून अशा ठिकाणी ऑटोसाइझ सरळ काढून टाकलं आणि दोन ओळींची मुभा दिली. फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवणाऱ्यांचंही त्याने भलं झालं; नाहीतर त्यांनी मोठं केलेलं आपण परत बारीक करत बसतो.

ऑटोसाइझ उरलं ते फक्त वरच्या मोठ्या रकमेपुरतं. यादीत ते कधीच नको, प्रत्येक गवळ्याचं नाव वेगळ्या आकारात दिसतं. यादीतल्या सर्वांत लांब नावाला बसणारा आकार एकदा काढून तोच सगळ्यांना द्यावा.

आयफोनवर याच कामासाठी ‘अ‍ॅडजस्ट्स फॉन्ट साइझ टू फिट विड्थ’ आणि ‘मिनिमम स्केल फॅक्टर’ 0.75, म्हणजे अक्षर मूळच्या पाऊणपटीखाली जात नाही. ते तर रुंदीच पाहतं, त्यामुळे चिक्कोडीची परीक्षा तिथेही घ्यावीच लागते.