जोते सापडले तो दिवस

दक्षिण मुंबईतील एका जुन्या चर्चच्या आवाराचे जतन आणि पुनर्रचना हे काम गेला काही काळ आमच्याकडे आहे. मुख्य प्रार्थनागृह, मागे पाळकांचे निवासस्थान, नंतरच्या काळात उभा राहिलेला पत्र्याचा हॉल आणि या सर्वांना वेढणारे अंगण, असा हा पसारा आहे. विश्वस्तांशी झालेल्या बोलीप्रमाणे चर्चचे नाव मी येथे देत नाही. जागेवरची देखरेख माझ्याकडे असल्यामुळे दर महिन्याचा प्रगती अहवालही मीच लिहिते. त्यात प्रत्येक कामापुढे टक्केवारी भरावी लागते. कौले बदलणे, छपराला आधार देणाऱ्या कैच्यांच्या सागवानाला लागलेली वाळवी काढणे, रंगीत काचांच्या शिशाच्या पट्ट्या दुरुस्त करणे या कामांची टक्केवारी भरता येते. दक्षिणेकडच्या भिंतीपुढे मात्र काय लिहावे हे मला कळत नसे.

त्या भिंतीला आतून लोणा लागलेला होता. पावसाळा सरला की जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत गिलावा फुगायचा, हात लावला की पापुद्रे सुटायचे आणि खाली बाकांवर पांढरी भुकटी साचायची. आमच्या आधी कोणीतरी यावर उपाय म्हणून बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा चढवला होता. मुंबईत जुन्या वास्तूंवर होणारा हा सर्वांत सर्रास अत्याचार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतले पाणी थोडेफार ओढणारच. ते चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर येऊन वाऱ्यावर उडून जाते, म्हणून भिंत टिकते. बाहेरची वाट सिमेंटने बुजवली की तेच पाणी आणखी वर चढते आणि आतल्या बाजूने बाहेर पडू पाहते. जाताना ते विरघळलेले क्षार पृष्ठभागावर सोडते, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्यालाच नव्हे, तर दगडालाही आतून सोलत जातात. तो सिमेंटचा थर आम्ही छिन्नीने हळूहळू उतरवला होता. तरीही ओल हटेना, कारण पाणी येत कुठून होते हे अजून दिसले नव्हते.

मे महिन्यातल्या त्या दिवशी विश्वस्तांची पाहणी ठरलेली होती. अंगणात नवे पेव्हर ब्लॉक बसवून मोटारींसाठी रेघा आखायच्या, हा त्यांच्या दृष्टीने आवाराच्या सुधारणेचा मुख्य भाग होता. आहे त्या फरसबंदीवरच वाळू पसरून ते बसवले की पावसाआधी काम संपेल, असे ठेकेदाराने त्यांना सांगितलेही होते. मी मुकादमांना सकाळी लवकर बोलावून घेतले. हे साताऱ्याकडचे, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आहेत आणि साइटवर सगळे त्यांना मामा म्हणतात. भिंतीला लागून, बाजूच्या दारापाशी एक चाचणी खड्डा घ्यायचा, एवढेच मी त्यांना सांगितले.

पहारीने जुने ब्लॉक उचकटले तेव्हा खाली वाळू लागली, त्याखाली काँक्रीटचा थर, त्याखाली डांबर. मामा डांबर पाहून म्हणाले, “मॅडम, हितं कुनी रस्ता केला व्हता का?” त्याखाली शहाबादी फरशी होती, ती काढल्यावर मुरूम लागला आणि मग पहार खणकन वाजली. बिगाऱ्यांना बाजूला सारून मामांनी स्वतः घमेल्याने माती उपसली. समोर काळ्या दगडाची, कडा गोल घासलेली एक पायरी होती आणि तिच्याखाली आणखी एक. पायरीच्या डाव्या अंगाला दगडातच शिसे ओतून बसवलेली एक लोखंडी पट्टी निघाली. तिची वरची धार मधोमध झिजून किंचित खोलगट झाली होती. पावसाळ्यात चर्चमध्ये येणारे लोक बुटांच्या तळाचा चिखल या पट्टीवर खरवडून मग आत जात असत. चिखल खरवडायचा तो जमिनीवर उभे राहूनच, त्यामुळे मूळ अंगण कोणत्या पातळीला होते याचा याहून पक्का पुरावा मला कोणत्याही नकाशात मिळाला नसता. त्या पातळीपासून आजच्या ब्लॉकपर्यंत आम्ही टेप लावला, तर अंतर जवळजवळ दोन फूट भरले.

खड्डा भिंतीच्या बाजूला थोडा रुंद केल्यावर उरलेले उत्तर मिळाले. जुन्या बांधणाऱ्यांनी जोते, म्हणजे भिंतीखालचा जमिनीलगतचा चौथरा, काळ्या बेसाल्टमध्ये घडवले होते आणि जोत्यावरून वर पिवळसर मालाड दगड आणि विटा वापरल्या होत्या. ही निवड केवळ रंगसंगतीसाठी नव्हती. घट्ट बेसाल्ट पाणी फारसे पीत नाही. वरचा दगड आणि वीट पितात. ज्या शहरात चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे जमिनीला फक्त काळा दगड टेकेल आणि पिणारा माल तिच्यापासून दूर राहील, असा हा साधा हिशेब होता. दर वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी आवार ‘सुधारत’ गेले आणि प्रत्येक सुधारणा आधीच्या सुधारणेच्या डोक्यावर बसली. शेवटी जोते पूर्ण गाडले गेले आणि विटा थेट ओल्या मुरमात उभ्या राहिल्या. नवे ब्लॉक त्यावर आले असते, तर आम्ही आतून कितीही उत्तम चुना लावला असता तरी तो पहिल्याच श्रावणात गळून पडला असता.

विश्वस्त अकराच्या सुमारास आले. खजिनदारसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. त्यांनी आधी खड्ड्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. “मॅडम, आम्ही अंगण भरायला पैसे मंजूर केले आणि तुम्ही खणताय. प्रगती अशी उलटी कशी मोजायची?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी पट्टी दाखवली, काळा दगड कुठे संपतो ती रेघ दाखवली आणि त्याच रेषेत आतल्या बाजूला लोणा कुठून सुरू होतो तेही दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण खाली वाकून त्यांनी पट्टीवरून बोट फिरवले.

ताण हलका केला तो पाळकसाहेबांनी. ते म्हणाले, “साहेब, ज्याच्यावरून चर्चगेटला नाव पडलं त्या सेंट थॉमस कॅथीड्रलचा पाया 1676 मध्ये घातला आणि मग चाळीसेक वर्षं नुसत्या अर्धवट भिंती उभ्या होत्या. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्यानं वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागून 1718 च्या नाताळात ते उघडलं. आपण त्या मानानं बरेच पुढे आहोत.” खजिनदार हसले. 2004 साली सेंट थॉमसच्या जतनकार्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला, तेव्हापासून जुन्या वास्तूंच्या विश्वस्तांपुढे ते नाव काढले की चर्चेचा सूर बदलतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मीही तोच धागा पकडला. ब्रिटिश काळात शहरातील अंतरे याच सेंट थॉमसपासून मोजली जात आणि रस्त्याकडेला मैलाचे दगड रोवले जात. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने ते शोधून दुरुस्त केले, तेव्हा त्यांतले कित्येक फुटपाथच्या थरांत जवळजवळ पूर्ण बुडालेले होते. दगड खचले नव्हते. भोवतालची मुंबई वर चढली होती. आपल्या अंगणाचेही तेच झाले आहे, हे मग वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

खरी अडचण त्यानंतर समोर आली आणि ती मामांनी मांडली. बाहेरचा रस्ताही वेळोवेळी उंच झाला आहे. सगळे अंगण मूळ पातळीला उतरवले, तर जुलैतल्या पहिल्या मोठ्या सरीला रस्त्याचे पाणी फाटकातून आत शिरेल आणि आवाराची विहीर होईल. पाणी रस्त्याकडच्या गटारात सोडावे, तर उतारच मिळत नाही. बराच वेळ आम्ही फाटकापाशी उभे राहून लेव्हल घेत होतो. अखेर असे ठरले की अंगण आहे तेथे ठेवायचे, पण इमारतीच्या चारी बाजूंनी मीटरभर रुंदीचा पट्टा जोत्याच्या तळापर्यंत खाली न्यायचा. पट्ट्याला घडीव दगडाची कड, तळाशी दगडगोटे, त्याखाली छिद्रांची पाइप आणि सर्व पाणी हॉलमागच्या टाकीत नेऊन तेथून पंपाने बाहेर. वीज गेली तर दुसरा पंप डिझेलवर चालेल. वास्तू वारसा यादीत असल्यामुळे हा बदल मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे नेणे भाग होते, म्हणून खड्ड्याची मोजमापे आणि थरांचा छेद मी त्याच दुपारी कागदावर उतरवून घेतला.

पट्ट्यामुळे मोटारींच्या काही जागा गेल्या. त्यावरून रविवारच्या उपासनेनंतर बरीच कुरबुर झाली आणि दोन कुटुंबांनी विश्वस्तांना लेखी पत्रही दिले. मंजुरी आल्यावर दक्षिण आणि पूर्व बाजू पूर्ण झाल्या. भिंतीला बाहेरून चुन्याच्या दरजा भरल्या असून, आतला गिलावा मुद्दामच केलेला नाही. दोन फूट मातीत वर्षानुवर्षे भिजलेली भिंत एका उन्हाळ्यात सुकत नाही. किमान एक पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा तिला उघडे ठेवावे लागेल. अहवालात त्या ओळीपुढे मी आता टक्केवारीऐवजी भिंतीच्या ओलाव्याचे वाचन लिहिते आणि खजिनदारसाहेबांनी तो रकाना मान्य केला आहे. उत्तर बाजूचे काम थांबले आहे, कारण तेथे जोत्यालगत मोठ्या पिंपळाची मुळे आहेत आणि महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही.