झेनमध्ये 1.3 बसलं, मग हवा कुठून घ्यायची?

माझी गाडी मारुतीची, 2001 ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली) झेन. मूळचं 993 सीसीचं इंजिन काढून आधीच्या मालकाने तिच्यात एस्टीमचं 16 व्हॉल्व्हचं 1298 सीसी इंजिन बसवलेलं. वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं एस्टीमचंच. आरसीवर नवा इंजिन नंबर चढलेला होता म्हणूनच मी ती घेतली. अशी गाडी बघायला जाणार असाल तर बॉनेट उघडण्याआधी आरसी उघडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे अशा बदलाला आरटीओची मंजुरी लागते. ती नसेल तर केए 22 ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी कोगनोळीच्या पुढे महाराष्ट्रात नेताना पोटात गोळा येतो तो येतोच.

इंजिनाचं काम त्या माणसाने मन लावून केलं होतं. हवेपाशी आल्यावर मात्र त्याला कंटाळा आला असावा. लहान इंजिनाचाच फिल्टरचा डबा त्याने तसाच ठेवला आणि रबरी होज पिळून थ्रॉटलला (इंजिनाच्या हवेच्या झडपेला) जोडली. चार हजार आरपीएमपर्यंत गाडी मजेत चालायची. त्यानंतर आवाज वाढायचा, पिकअप नाही.

मित्रांचा सल्ला एकच, 'कोन टाक'. म्हणजे डबा काढायचा, नळीच्या टोकाला गोल शंकूसारखा फिल्टर लावायचा आणि मोकळं व्हायचं. आमच्या ग्रुपमध्ये निम्म्या गाड्यांना कोन आहे. एकाने तर स्वतःचा काढून हातात दिला, "लावून बघ की, आवडला तर ठेव." मी घेतला. खरं आधी हिशोब करावा म्हटलं.

हिशोब अवघड नाही. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा ओढतं. 6000 आरपीएमला 1.298 लिटर गुणिले 3000, म्हणजे मिनिटाला सुमारे 3900 लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, 85 टक्के धरले तर 3300 लिटर, सेकंदाला 55. तेवढी हवा 50 मिलिमीटरच्या नळीतून गेली तर तिचा वेग सेकंदाला 28 मीटर होतो. 63 मिलिमीटरच्या नळीतून 18 मीटरच्या आत राहतो. माझ्या जुन्या डब्याचं तोंड आतून मोजलं तर 38 मिलिमीटर. तिथे वेग 48 मीटरच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. इथेच मला संशय आला की चोर फिल्टरचा कागद नसून ते तोंड आहे.

संशय खरा की खोटा हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली आणि एका उंच फळीवर यू आकारात चिकटवली. आत शाईचा थेंब टाकलेलं पाणी भरलं. नळीचं एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या होजमध्ये घातलं, दुसरं मोकळं ठेवलं. इंजिन जितक्या जोरात चोखेल तितकं पाणी एका बाजूला चढतं. दोन्ही पातळ्यांतला फरक सेंटीमीटरमध्ये वाचायचा. यू पुरेसा उंच ठेवा, नाहीतर पाणी थेट इंजिनात जाईल. थर्मामीटर म्हणून फ्रिजमध्ये लावायचा वायरवाला डिजिटल तुकडा आणला आणि त्याचं टोक त्याच होजमध्ये सोडलं.

जागा ठरवली वंटमुरी घाटाची. रस्ता रिकामा असताना, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस. चढ असल्यामुळे वेग आवाक्यात राहतो आणि इंजिनावर लोड पूर्ण येतो. फळी मांडीवर धरून आकडे वाचायला शेजारी धाकटा चुलतभाऊ. त्याची पहिल्या खेपेची प्रतिक्रिया, "दादा, काय करूलालास बा हे, लोक बघतील तर वेडे म्हणतील." नंतर त्यालाच चटक लागली.

जुना डबा, नवा कागदी फिल्टर: 38 सेंटीमीटर. मग फिल्टर पूर्ण काढला, नुसता रिकामा डबा ठेवून तोच चढ: 29. म्हणजे कागद फक्त 9 सेंटीमीटर अडवत होता, बाकी सगळं ते अरुंद तोंड आणि पिळलेली होज. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे साडेनऊशे सेंटीमीटर पाण्याइतका धरा. त्यातले 38 गेले म्हणजे चार टक्के हवा दारातच अडली. कागद काढून मिळते जेमतेम एक टक्का. (उंचीमुळे गोव्याच्या तुलनेत आठेक टक्के हवा आपल्याकडे मुळातच कमी आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला पोचल्यावर गाडी अचानक हुशार झाल्यासारखी वाटते त्यामागे हेही एक कारण.)

मग मित्राचा कोन लावला, 63 मिलिमीटरच्या नळीवर. आकडा आला 8. आवाज तर विचारूच नका, थ्रॉटल उघडला की बॉनेटखालून नुसती डरकाळी. चुलतभावाने तिथेच निकाल जाहीर केला. पण थर्मामीटर वेगळंच सांगत होता. बाहेर 33 अंश असताना चालत्या गाडीत कोन 47 अंशांची हवा ओढत होता. परतताना तिसऱ्या रेल्वे गेटला अडकलो तेव्हा 64. रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे फेकतो, एक्झॉस्टचा पत्रा तापलेला असतो आणि कोन त्याच भट्टीत श्वास घेतो. हवा दहा अंशांनी तापली की तीन टक्क्यांच्या आसपास विरळ होते. दारातला अडथळा कमी करून जे तीन टक्के कमावले त्याहून जास्त बॉनेटच्या उष्णतेने खाल्ले. आवाजामुळे मनाला मात्र पटतं की गाडी पळतेय.

उष्णतेचं एक वेळ चाललं असतं, कोनाभोवती पत्र्याची भिंत उभी करता येते. धुळीचं काय? ऊसाच्या हंगामात संकेश्वर-हुक्केरी पट्ट्यात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे जी धूळ उठते ती ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको. खानापूरकडची तांबडी माती तर पिठापेक्षा बारीक. पिस्टन रिंग आणि सिलिंडर झिजवतात ते डोळ्यांना नीट न दिसणारे, पाचदहा-वीस मायक्रॉनचे कण. खडा फिल्टर अडवतोच, प्रश्न या पिठाचा असतो.

याचीही घरगुती तपासणी आहे. फिल्टरच्या पुढे, थ्रॉटलकडच्या नळीत आतून ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, नेहमीसारखी गाडी वापरायची, मग नळी काढून पांढऱ्या फडक्याने पुसायची. मित्राच्या कोनावर नाव नव्हतं, हजार-बाराशेला मिळणाऱ्यांपैकी तो. फडक्यावर तांबूस रेघ आली आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागली. कागदी फिल्टरमागचं ग्रीस जसं लावलं तसंच निघालं. तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचे नामवंत कंपन्यांचे फिल्टर याहून पुष्कळ चांगले असतात, 'के अँड एन' तर 1969 पासून तेच करतेय. पण ते वेळेवर धुऊन, सुकवून, मोजून तेल लावायला लागतात. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा तापलेल्या तारेने मोजणारा) असलेल्या गाड्यांत त्याची तार माखते. एस्टीमच्या या इंजिनात तो सेन्सर नाही. इथे मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलनंतरच्या हवेच्या नळ्यांमधला) दाब मोजतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल ठरवतो, त्यामुळे ती भीती मला नव्हती. याच कारणाने फिल्टर बदलला म्हणून ईसीयूची सेटिंग बदलायचीही गरज पडत नाही. भीती माझ्या आळसाची होती. स्पंज धुऊन तेल लावायचं काम मी बुलेटवर कधी वेळेत केलेलं नाही.

तिसरा पर्याय यूट्यूबवर फार दिसतो: नळी खाली नेऊन फिल्टर बंपरच्या मागे, चाकाजवळ बसवायचा. हवा तिथे थंड मिळते यात वाद नाही. पण आमची गाडी जांबोटी-कणकुंबीच्या पावसात जाते. रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी आलं की तो फिल्टर पाण्याखाली. या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा चाळीस मिलीच्या आसपास. त्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो पर्याय वहीत लिहिलासुद्धा नाही.

मग उरलं काय? बंद डबा, मोठ्या तोंडाचा, कागदी फिल्टरचा, हेडलाइटच्या मागून वरच्या उंचीवरची थंड हवा घेणारा. म्हणजे कंपनीने एस्टीमला जो दिला तसाच, फक्त तोंड मोकळं. भंगारात एस्टीमचा डबा शोधला. तडे न गेलेला, क्लिपा शाबूत असलेला मिळायला वेळ गेला, कारण त्या क्लिपाच आधी तुटतात आणि मग लोक डबा तारेने बांधतात. डबा नीट मिटला नाही तर फिल्टर कितीही चांगला असो, धूळ कडेने आत जाते. मॅप सेन्सरवाल्या गाडीत अशी गळती ईसीयूच्या लक्षातही येत नाही, गाडी छान चालत राहते आणि इंजिन झिजत राहतं. म्हणून फिल्टरचं रबर चारी बाजूंनी दाबलं जातं का ते बघायला कडेला खडू घासून डबा बंद केला, उघडला आणि झाकणावर खडूची रेघ अखंड उठली का ते पाहिलं.

झेनच्या बॉनेटखाली तो डबा मावेना. मी पुठ्ठ्याचा नमुना कापून उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. हे मामा हायड्रॉलिकच्या पाइपांचं काम करतात, एका वाक्यात निम्मं कन्नड निम्मं मराठी. डबा हातात फिरवून म्हणाले, "पोट याचं बरं हाय की, तोंडच दरिद्री. तोंड कापूया." मी विचारलं, मामा, पोट लहान केलं तर बसायला सोपं जाईल ना? त्यांनी मान हलवली. "ते कमी करू नको. आवाज खातंय ते." आणि ते बरोबरच. डब्यातली मोकळी जागा इंजिनाच्या ओढीचे धक्के आणि आवाज दोन्ही पचवते.

बॅटरी एक आकार लहान घेऊन ट्रे थोडा सरकवला. डब्याचं तोंड कापून तिथे 60 मिलिमीटरचं ॲल्युमिनियमचं नळकांडं आलं, आर्गन वेल्डिंगने केलेल्या फ्लँजसकट. त्यातून लवचिक डक्ट हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या पट्टीच्या पुढे काढली. तोंड थेट समोर न ठेवता थोडं खाली वळवलं, म्हणजे पाऊस सरळ आत मारणार नाही. डब्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला सहा मिलिमीटरचं भोक, साचलेलं पाणी निघून जायला. डबा ते थ्रॉटल सिलिकॉन होज. तिला दोन जोडण्या: एक टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) येणाऱ्या ब्रीदरची, म्हणजे आतली तेलकट वाफ सोडणाऱ्या नळीची, दुसरी हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची.

या सेन्सरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण कोन लावणारे तो बरेचदा वायरीला लोंबकळत सोडतात. ईसीयू त्याच्या आकड्यावर विसंबून हवा किती दाट आहे ते धरतो. तो बॉनेटखाली तापला, तर ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे आणि तो पेट्रोल कमी करतो. आत मात्र थंड, दाट हवा जात असते. मिश्रण पातळ होतं, गाडी धक्के देते आणि दोष प्लग-कॉइलला लागतो. तो सेन्सर हवेच्या वाटेतच बसलेला पाहिजे. ब्रीदरच्या तोंडाला छोटा खेळण्यातला फिल्टर लावायची फॅशन आहे, ती मी केली नाही. तेलाचा वास केबिनमध्ये येतो आणि टॅपेट कव्हरवर चिकट धूळ बसते.

परत वंटमुरी, परत फळी. पाणी 14 सेंटीमीटर. चालत्या गाडीत हवा 36 अंश, बाहेर त्या दिवशीही 33 च होते. गेटला अडकल्यावर 45. कोनापेक्षा अडथळा सहा सेंटीमीटरने जास्त, म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी तोटा. तापमानात अकरा अंशांचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांचा फायदा. जुन्या डब्याशी तुलना केली तर चार हजारांनंतर जो दम कोंडत होता तो प्रकार गेला. खाली, दीड-दोन हजारांत काहीच फरक नाही, असायचं कारणही नाही, कारण तिथे इंजिन इतकी हवा मागतच नाही. ॲव्हरेजही जिथल्या तिथे. फिल्टर बदलून लिटरमागे दोन किलोमीटर वाढले असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

भंगारातला डबा, कापणं-वेल्डिंग, होज, क्लिपा असं सगळं धरून चांगल्या कंपनीच्या कोनापेक्षा कमीच पैसे गेले. वेळ मात्र भरपूर गेला. ज्यांना शनिवारी दुपारी उरकायचंय त्यांनी सरळ त्याच इंजिनाचा मूळ डबा बसवावा आणि जास्त करायचंच असेल तर फक्त तोंड मोठं करावं.

कागदी फिल्टर हंगाम संपल्यावर बदलतो, मधे एकदा झटकतो. कॉम्प्रेसरची हवा मारत नाही, कागदाला न दिसणारी भोकं पडतात. पावसाळ्यात कणकुंबीहून आल्यावर ते खालचं भोक पानांनी बुजलंय का एवढं बघतो. मित्राचा कोन परत दिला. त्याने तो पुन्हा लावलाय, त्याला तो आवाज आवडतो. पुठ्ठ्याचा नमुना मामांकडेच ठेवलाय. कोणाच्या झेनमध्ये 1.3 असेल तर उद्यमबागेत जाऊन मागा, फक्त बॅटरीच्या ट्रेचं माप आधी घेऊन जा. माझा ट्रे सरकवलेला आहे, तुमच्याकडे नमुना तसाच बसेल असं नाही.