साबन नई व्हता

शनिवार, रात्री साडेदहा

मुलं झोपली. वसतिगृहाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलोय. मांडीवर साने गुरुजींचं चरित्र आहे, पण चार दिवस झाले, एकाच पानाशी घुटमळतोय.

१९२४ ते १९३० गुरुजी इथे अमळनेरात, प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयही सांभाळायचे. मुलं खोलीत नसताना खोल्या झाडायचे, पसरलेली अंथरुणं आवरायचे, मळके कपडे धुऊन वाळत घालायचे. कुणाला न सांगता. शिवाय ‘छात्रालय दैनिक’ काढायचे, स्वतःच्या हातानं लिहून!

मंगळवारी प्रार्थनेच्या वेळी मी सातवीतल्या एका मुलाची कॉलर सगळ्यांसमोर धरली. सदरा कळकट होता. तो एवढंच म्हणाला, “सर, साबन नई व्हता.” मी म्हणालो, कारणं सांगू नकोस. त्याच रात्री हे पान समोर आलं.

मला लिहायची हौस. गेल्या वर्षी वार्षिकांकात विद्यार्थ्यांवरच्या मायेबद्दल लेख लिहिला, लोकांनी फोन करून कौतुक केलं. आज तो काढून वाचला. भाषा बरी आहे. पण त्यात एकही मूल दिसत नाही.

धुळ्याच्या तुरुंगातली गोष्ट तर फारच आत गेली. १९३२ साली विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलायचे. असे अठरा रविवार. गुरुजी समोर बसून सगळं टिपून घ्यायचे, म्हणून तर ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. ज्या माणसानं पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली, तो चार महिने दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेत बसला. माझ्याकडून पोराचे तीन शब्दही ऐकून घेतले गेले नाहीत.

आज संध्याकाळी त्याला बोलावलं. “चुकलं माझं,” म्हणालो. तो भिंतीकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं बोलला. आईवडील दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेत. साबणाला पैसे आजी देते, आणि आजी आजारी आहे.

दोघं नळावर गेलो. त्यानं बाह्या घासल्या, मी कॉलर. मळ मानेच्या शिवणीत बसला होता, ब्रशनं निघेना. अंगठ्यानं चोळत बसलो. सदरा आता समोरच्या तारेवर आहे. अजून ठिपकतोय.