पतंगाच्या आकाराची पिन

माझी भाची अमेरिकेतील शिक्षण संपवून यंदा संक्रांतीला नागपुरात आली, तेव्हा आमच्या गच्चीवर तिच्या साडीच्या पदराला लावलेल्या एका चिमुकल्या काळ्या-सोनेरी पिनेकडे माझे लक्ष गेले. चहूकडून ‘ओ काट’चा गजर चालला होता आणि ही मुलगी चक्री धरायचे सोडून त्या पिनेवरून बोट फिरवीत होती. जवळ जाऊन पाहिले, तर पिनेचा आकार पतंगाचा निघाला; पण जुनी शुक्रवारीत मिळतो तसा चारही बाजू सारख्या असलेला आपला पतंग नव्हे, तर खालच्या अंगाला निमुळता होत गेलेला. मध्ये कप्पा, अल्फा आणि थीटा ही तीन ग्रीक अक्षरे होती. ती म्हणाली, “मावशी, हे आमच्या सोरॉरिटीचे चिन्ह आहे. हृदयाच्या बाजूलाच लावायचे असते.”

सोरॉरिटी म्हणजे महाविद्यालयीन मुलींचे भगिनीमंडळ, एवढे मला ऐकून माहीत होते. भाचीची शाखा मात्र साधीसुधी नव्हती. इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल नावाच्या लहानशा गावातील डीपॉ विद्यापीठात कप्पा अल्फा थीटा, थोडक्यात थीटा, ही संस्था जन्मली आणि तिथली ‘अल्फा’ शाखा ही तिची पहिली शाखा. त्या काळी या विद्यापीठाचे नाव इंडियाना अ‍ॅस्बरी होते. १८६७ साली तिथे मुलींना प्रथमच प्रवेश मिळाला आणि त्या पहिल्या मूठभर मुलींमध्ये गणिताच्या प्राध्यापकांची कन्या बेटी लॉक ही एक होती. मुलांच्या फ्रॅटर्निटी तेथे आधीपासूनच नांदत होत्या. त्यांपैकी एकीच्या सदस्याने बेटीला आपल्या संस्थेचे चिन्ह मिरवण्याची विनंती केली. तिने उत्तर दिले की, मला रीतसर सदस्य करून घेणार असाल आणि तुमची सगळी गुपिते सांगणार असाल, तरच मी ते लावीन. मुलांनी आपसांत विचारविनिमय केला, सदस्यत्व नाकारले आणि त्याऐवजी तिला केक ठेवण्याची चांदीची परडी भेट दिली. हे ऐकून मला हसू आवरेना, कारण हक्क मागणाऱ्या बाईच्या हाती भांडे ठेवून तिची बोळवण करण्याची रीत फक्त आपल्याकडचीच असेल, असे मी इतकी वर्षे समजत होते.

बेटीने मग स्वतःचीच संस्था काढली. २७ जानेवारी १८७० रोजी तिने आरशासमोर उभे राहून, स्वतः लिहिलेली शपथ स्वतःलाच दिली, कारण तिला दीक्षा देण्याचा अधिकार असलेले दुसरे कोणी अस्तित्वातच नव्हते. त्यानंतर तिने अ‍ॅलिस अ‍ॅलन, बेटी टिप्टन आणि हॅना फिच या तिघींना दीक्षा दिली. भाचीने हा प्रसंग सांगितला, तेव्हा संस्थेचा सारा इतिहास मला त्या एका आरशात मावल्यासारखा वाटला. पुढे याच अल्फा शाखेतून १८९७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेली मेरी रिटर बिअर्ड स्त्रियांच्या इतिहासाची मोठी अभ्यासक झाली.

‘सोरॉरिटी’ हा शब्द तर या संस्थेपेक्षाही धाकटा आहे. सिरॅक्यूज येथे १८७४ मध्ये स्थापन झालेल्या गॅमा फाय बीटा या मंडळासाठी तेथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी १८८२ साली तो सुचवला. लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. त्याआधीच्या मुलींना ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे बंधुमंडळ हाच शब्द ठाऊक होता आणि थीटाच्या अधिकृत नावात तो आजही टिकून आहे. पहिले मंडळ कोणाचे, यावर मात्र एकमत नाही. जॉर्जियातील मेकन येथे १८५१ आणि १८५२ मध्ये मुलींची दोन मंडळे निघाली होती आणि इलिनॉयमधील मॉनमथ येथे १८६७ मध्ये आणखी एक निघाले. मात्र ग्रीक अक्षरांचे नाव आरंभापासून धारण केल्याचा मान थीटा आपल्याकडे घेते. आपल्या गणेश मंडळांच्या स्थापनावर्षांवरून होतात तसलेच हे वाद, त्यामुळे मी त्यात फार शिरले नाही.

परंपरांविषयी भाची भरभरून बोलली. काळा आणि सोनेरी हे रंग, पॅन्सीचे फूल, २७ जानेवारीचा संस्थापक दिन, आणि नव्या मुलीला एकेका थोरल्या मुलीने ‘धाकटी’ म्हणून आपलीशी करण्याची पद्धत, ज्यातून पणजी-आजी-आई-लेक अशी वंशावळच तयार होते. दीक्षाविधीत काय होते, हे मात्र तिने सांगितले नाही. “ते सांगता येत नाही, मावशी,” एवढेच म्हणून ती तिळगुळाच्या डब्याकडे वळली. मी खोदून विचारले नाही. ज्या मुलीला लहानपणी परीक्षेतले गुणसुद्धा लपवता येत नसत, तिला एक गुपित चार वर्षे सांभाळता आले, याचेच मला कौतुक वाटले.

परंतु मुलींची निवड कशी होते, हे मी विचारले, तेव्हा ती जरा अडखळली. भेटीगाठींच्या अनेक फेऱ्या होतात, मुली आपली पसंती कळवतात, मंडळे त्यांची पसंती कळवतात आणि शेवटी काही जणींना बोलावणे येते, तर काही जणींना येत नाही. अमेरिकेतील या जुन्या मंडळांचे दरवाजे कित्येक दशके कृष्णवर्णीय मुलींना बंद होते आणि ज्यू मुलींनाही बहुतेक ठिकाणी बंदच होते. म्हणून हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा आणि १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा ही कृष्णवर्णीय मुलींची मंडळे निघाली, तर बर्नार्ड महाविद्यालयात १९०९ मध्ये ज्यू मुलींनी अल्फा एप्सिलॉन फाय काढले. डेल्टाच्या मुली तर स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आतच, ३ मार्च १९१३ रोजी, वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या मिरवणुकीत उतरल्या. जिला चिन्ह देऊ केले पण सदस्यत्व नाकारले, तिच्याच वारसदारांनी पुढे दारावर पहारा बसवला, हे मला सहजी गिळवेना. पण तसे भाचीला सुनावण्याचा अधिकार मला नव्हता.

त्याला कारण एक बादली आहे. १९८० च्या दशकात मी भंडारा जिल्ह्यातील एका गावातून शिकण्यासाठी नागपुरात आले आणि मुलींच्या एका वसतिगृहात राहिले. तिथे पदवी घेऊन निघणारी मुलगी आपली पत्र्याची बादली, मच्छरदाणी आणि वातींचा स्टोव्ह आपल्या ‘वारस’ मुलीला देत असे आणि त्या रात्री सगळ्या मिळून तर्री-पोहे करीत. बादलीच्या बुडावर प्रत्येक मालकिणीने कर्कटकाच्या टोकाने आपली आद्याक्षरे कोरलेली असत. मला मिळालेल्या बादलीवर पाच जणींची अक्षरे होती, त्यांपैकी दोन गंजाने अर्धवट खाल्लेली. सहावी मी. माझ्या आधीच्या पाचही जणी ओळखीच्या आडनावांच्या होत्या, हे मला तेव्हा दिसले नाही, किंवा दिसले तरी मी पाहिले नाही.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले आणि मुलींसाठी वसतिगृहे काढण्याची मागणीही त्या परिषदेत झाली. त्यानंतर चार दशकांनी आम्ही शिकल्या-सवरलेल्या मुली वारस ठरवताना आडनाव पाहत होतो. शेजारच्या खोलीतील उमरेडकडच्या मुलीने वर्षभर माझ्यासोबत अभ्यास केला होता, माझ्या तापात रात्री जागून काढल्या होत्या आणि बादली तिलाच मिळणार, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते. मी ती माझ्या तालुक्यातल्या, माझ्या नात्यातल्या मुलीला दिली.

हे सारे भाचीला त्या संध्याकाळी गच्चीवरच सांगितले. मांजा गुंडाळता गुंडाळता तिने विचारले, “मग त्या मुलीने काय केले?”

निकालानंतर गुणपत्रिका घ्यायला मी पुन्हा वसतिगृहात गेले होते, तेव्हा न्हाणीघराबाहेर तिची प्लॅस्टिकची कोरी निळी बादली पालथी घातलेली दिसली. तिच्या बुडावर कर्कटकाने कोरलेली दोनच अक्षरे होती, तिची स्वतःची.